खरी कमाई : स्काऊटच्या पथकाकडून शिकण्याजोगा एक धडा



स्मरणिकेच्या निमित्ताने दरवर्षी आपण मदतीबद्दल बोलतो. जाहिराती मिळवतो, तिकिटे खपवतो, कुणी ओळखीच्या दुकानदाराला गळ घालतो. शेवटी जमलेला पैसा गरजू माणसापर्यंत पोचतो. काम चांगले आहे आणि ते व्हायलाच हवे. पण मध्यंतरी एका अकरा वर्षांच्या मुलाने आम्हाला असा काही प्रश्न विचारला की आम्ही सगळे मोठे गप्प झालो. तो म्हणाला, "काका, बेसन बाबांच्या पैशाचं, लाडू आईने वळले, आणि विकत घेतले ते पण तुम्हीच लोकांनी. मग यात माझी कमाई कुठली?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आम्ही म्हणजे कुणी तज्ज्ञ नव्हे. दोह्यातल्या चार-पाच कुटुंबांतले आईबाप. आमची मुले इथल्या वेगवेगळ्या भारतीय शाळांत जातात. काहींच्या शाळेत स्काऊट-गाईडचे पथक आहे. शाळेत शिकवलेले घरी पक्के व्हावे म्हणून आम्ही शुक्रवारी सकाळी मुलांना एकत्र बसवू लागलो. मुलांपेक्षा जास्त आम्हीच शिकलो, म्हणून हे लिहिणे.

१. स्काऊट म्हणजे नुसती कवायत नव्हे

आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना स्काऊट म्हटले की खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ, शनिवारची सकाळची शाळा आणि 'सावधान-विश्राम' एवढेच आठवते. त्यामागचा विचार आपल्याला कुणी फारसा समजावून सांगितला नाही. तो थोडक्यात पाहू.

बेडन-पॉवेल हे ब्रिटिश लष्करातले अधिकारी. तरुणपणी, १८७६ साली, ते भारतात आले आणि त्यांच्या नोकरीचा बराच काळ आपल्याकडे गेला. पुढे दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग या गावाला वेढा पडला (१८९९-१९००). तो २१७ दिवस चालला. त्या दिवसांत गावातली लहान मुले निरोप पोचवणे, इस्पितळात मदत करणे अशी कामे जबाबदारीने करत होती. मुलांवर विश्वास टाकला तर मुले तो सार्थ करतात, हे बेडन-पॉवेल यांच्या मनात पक्के बसले.

१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर त्यांनी वीस मुलांचे शिबिर भरवले. यात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. निम्मी मुले बड्या घरची, महागड्या शाळांत शिकणारी होती आणि निम्मी साध्या कष्टकरी घरांतली. पाच-पाच मुलांचे चार संघ केले आणि श्रीमंत-गरीब सगळी एकाच तंबूत, एकाच पातेल्यातले जेवू लागली. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक आले आणि चळवळ जगभर पसरली. आज जगात पाच कोटींहून अधिक स्काऊट आहेत.

भारतात १९०९ साली बंगळुरात पहिले पथक निघाले, पण त्यात फक्त गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या मुलांना प्रवेश! आपल्या मुलांना बाहेर ठेवले होते. हे दार उघडायला जी मंडळी झटली त्यांत ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि नागपूरचे विवियन बोस ही नावे येतात. बोस नागपूरला वकिली करत. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे, पुढे तर अध्यक्षच. म्हणजे आपल्याकडच्या स्काऊटमध्ये परेडइतकीच समाजसेवेची परंपरा मिसळलेली आहे. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था झाली.

पुणेकरांना आणखी एक अभिमानाची गोष्ट. आळंदी रस्त्यावरचे 'संगम' हे गर्ल गाईड चळवळीचे जागतिक केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी बेडन-पॉवेल यांच्या उपस्थितीत सुरू झाले. त्या वेळी जगातले ते चौथे केंद्र होते. आम्ही कितीतरी वेळा त्या रस्त्याने गेलो असू, पण आत काय आहे हे आम्हाला दोह्यात आल्यावर, मुलीच्या वहीतून कळले!

आपण ज्या देशात राहतो त्या कतारचीही स्वतःची स्काऊट संघटना आहे आणि १९६५ पासून ती जागतिक संघटनेची सदस्य आहे. म्हणजे आपले मूल गळ्यात स्कार्फ घालते तेव्हा इथल्या मुलांशी त्याचे एक नाते आधीच जुळलेले असते. दोघेही एकमेकांना भेटले तर डावा हातच पुढे करतील.

२. पथक चालते कसे?

स्काऊटचा कणा म्हणजे संघ. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि असे दोन-चार संघ मिळून पथक. लहानांसाठी कब आणि बुलबुल. त्यांच्यात सहा जणांचे षटक असते. कबच्या शिक्षकांना मुले 'अकेला' म्हणतात. हे नाव मोगलीच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचे. ते जंगल म्हणजे सिवनीचे, आपल्या नागपूरहून उत्तरेला. विदर्भातल्या वाचकांनी हे मुलांना जरूर सांगावे!

पुढे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या असतात. पण बॅज हे निमित्त. मुख्य गोष्ट अशी, की बारा वर्षांच्या संघनायकाने निर्णय घ्यायचा आणि मोठ्यांनी तोंड मिटून बसायचे. हे आपल्या मराठी आईबापांना किती कठीण जाते ते आम्हाला विचारा!

इथे उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम घ्यायला कायद्यानेच बंदी असते. तेव्हा मुलांच्या मैदानी कार्यक्रमांचा प्रश्नच नाही. आमचे खरे दिवस नोव्हेंबर ते मार्च. शुक्रवारी सकाळी सातला जमायचे आणि जुम्माच्या नमाजाची गर्दी सुरू व्हायच्या आत, साडेदहाला, घरी. तेवढ्या वेळात काय काय शिकता येते याचे तीन नमुने देतो.

तंबू : पहिल्या वेळी मुलांनी पुस्तकात बघून खुंट्या ठोकल्या. वाळूत खुंटी धरते थोडीच! तंबू दोनदा पडला. एक बाबा उठायला लागले, त्यांना आम्ही हाताला धरून खाली बसवले. तिसऱ्या वेळी एका मुलीला सुचले की पिशवीत वाळू भरायची, तिला दोर बांधायचा आणि पिशवी आडवी पुरून टाकायची. तंबू उभा राहिला. वाळवंटातले जाणते लोक असेच काहीसे करतात हे आम्हाला नंतर समजले.

ध्रुवतारा : हात सरळ लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश झाकले जातात. मुलांचा हात लहान, तशी मूठही लहान, म्हणून हिशेब सगळ्यांना सारखाच लागू पडतो. दोह्यात ध्रुवतारा क्षितिजापासून अडीच मुठी वर दिसतो, कारण दोह्याचा अक्षांश सव्वापंचवीस अंशांच्या आसपास. सुट्टीत पुण्याला गेल्यावर तोच तारा दोन मुठींपेक्षा किंचित खाली आलेला दिसतो. 'आपण किती दक्षिणेला आलो' हे मुलाने स्वतःच्या मुठीने मोजले, तर भूगोल पुन्हा शिकवावा लागत नाही.

तिवर : दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या पुढे अल थखीरा इथे खारफुटीचे हिरवेगार रान आहे. तिथे प्रामुख्याने जे झाड आहे ते आपल्या कोकणच्या खाड्यांतले तिवर. चिखलातून वर आलेली श्वासमुळे, पानावर साचलेले मिठाचे कण, सगळे तेच. रत्नागिरीकडच्या एका आजीने ते पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर आमचंच की!" खारे पाणी पिऊन मीठ पानावाटे बाहेर टाकणारे हे झाड. परक्या मातीत तगून कसे राहावे, हे आखातात आलेल्या माणसांना ते न बोलता शिकवते.

३. तीन कामे, तीन हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्काऊट मुलाला कामाच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवतो.

पहिले, स्वतःचे काम. आपले अंथरूण, आपले ताट, आपला गणवेश, आपले दप्तर. याचे पैसे नाहीत आणि कौतुकही नाही.

दुसरे, सत्कर्म. रोज एक तरी. म्हाताऱ्या माणसाची पिशवी उचलणे, लिफ्टचे दार धरून ठेवणे, नवीन आलेल्या मुलाला बसमध्ये शेजारी बसवणे. याचेही पैसे घ्यायचे नाहीत. १९०९ सालची एक गोष्ट स्काऊट जगतात नेहमी सांगतात. बॉइस नावाचे एक अमेरिकन गृहस्थ लंडनमध्ये वाट चुकले. एका मुलाने त्यांना मुक्कामी पोचवले आणि देऊ केलेले बक्षीस नाकारले. म्हणाला, स्काऊट सत्कर्माचे पैसे घेत नाही. पुढे त्याच बॉइस यांनी १९१० साली अमेरिकेत स्काऊट संघटना स्थापन केली. गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडे तिखटमीठ लावले असेलही, पण तत्त्व खरे आहे.

तिसरे, कमाई. दुसऱ्याचे काम करून, ठरलेला मोबदला घेऊन मिळवलेला पैसा. हा पैसा घ्यायला लाजायचे नाही, आणि तो कष्टाशिवाय घ्यायचाही नाही.

या तिन्हींची गल्लत झाली की घोटाळा होतो. ताट उचलल्याबद्दल मुलाला पैसे दिले तर उद्या ते ताट उचलायचे बिल लावील. आणि कष्टाच्या कामाचे पैसे 'जाऊ दे रे, घरचाच आहेस' म्हणून बुडवले तर कष्टाची किंमत त्याला कधी कळणारच नाही.

४. 'खरी कमाई' आली कुठून?

ब्रिटनमध्ये १९४९ साली स्काऊटांनी एक उपक्रम सुरू केला. आठवडाभर घरोघर जायचे, बूट पुसणे, बागेतले गवत काढणे असे काहीही काम करायचे आणि एका कामाचा एक शिलिंग घ्यायचा. शिलिंगला बोलीत 'बॉब' म्हणत, म्हणून त्याला 'बॉब-अ-जॉब' नाव पडले.

आपल्याकडे त्याच जातीचा उपक्रम 'खरी कमाई' या सुंदर नावाने रुजला. आमच्यापैकी अनेकांना शाळेतले ते छापील कार्ड आठवते. काम काय केले, किती पैसे मिळाले, सही कोणाची. कुणी दळण आणून दिले, कुणी सायकल पुसली, कुणी शेजारच्या काकूंना शेंगा सोलून दिल्या. चार आणे, आठ आणे. पुढे अनेक शाळांत खरी कमाई म्हणजे आनंदमेळ्यासारखे झाले. भेळ, लिंबू सरबत, वडापाव यांचे स्टॉल लावायचे आणि नफा जमा करायचा. त्यातही हिशेब, भांडवल, गिऱ्हाईक हे शिकायला मिळतेच. पण मूळ कल्पनेत घाम होता. स्टॉलवर हळूहळू आयांचा घाम जास्त आणि मुलांचा कमी झाला, हे मान्य करायला हवे.

५. आमचे दोन प्रयत्न आणि दोन चुका

पहिला प्रयत्न असाच स्टॉलचा. मंडळाच्या कार्यक्रमात रीतसर विचारून आमच्या मुलांनी लाडू-चिवड्याचा स्टॉल लावला. चौदा मुले. संध्याकाळी गल्ला मोजला तर आठशे साठ रियाल! आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्या मुलाने सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारला. बाबांच्या एका खिशातला पैसा दुसऱ्या बाबांच्या खिशातून फिरून डब्यात आला होता. मदतीला तो उपयोगी पडला, यात शंका नाही. पण मुलांनी कमावलेला असे त्याला म्हणता येत नव्हते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवले, स्टॉल नाही, कष्ट! मुलांनी गाड्या धुवायच्या. एका गाडीचे पाच रियाल. आमच्याच इमारतीतल्या सहा कुटुंबांनी हौसेने नावे दिली. मुले भल्या पहाटे बादल्या घेऊन खाली उतरली. फोटो निघाले, ते गावी आजी-आजोबांनाही पाठवले गेले. महिनाभर दर शुक्रवारी हे चालले. आम्ही मनातून खूश होतो.

महिना संपला तेव्हा इमारतीत रोज गाड्या धुणारे भैया आमच्यातल्या एकाच्या दारात आले. हातात टोपी. म्हणाले, "साब, मेरे काम में कुछ गलती हो गई क्या?"

आम्हाला आधी कळलेच नाही. मग उलगडा झाला. मुले धुणारच आहेत तर दोनदा कशाला, म्हणून सहाही घरांनी त्यांना त्या महिन्यापुरते 'नको' सांगितले होते. प्रत्येकाला वाटले आपण एकटेच सांगतोय. त्यांच्या महिन्याच्या हिशेबातून एकदम सहा गाड्या गेल्या. दर महिन्याला गावी पाठवायची रक्कम तेवढी कमी झाली होती. आणि त्या माणसाला वाटले की आपलेच काहीतरी चुकले.

चूक मुलांची नव्हती, आमची होती. मुलांना धडा द्यायच्या नादात आम्ही एका कष्टकऱ्याच्या पोटावर पाय दिला होता, आणि तोही गरजूंना मदत करायची म्हणून!

हे मुलांना सांगावे की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. एकजण म्हणाले, "आपण गुपचूप त्याला पैसे देऊन टाकू. पोरांचा उत्साह कशाला घालवायचा?" पण मग संघाला अर्थ काय राहिला? शेवटी पुढच्या शुक्रवारी मुलांना जे झाले ते जसेच्या तसे सांगितले. कुणीच बोलेना. मग तेरा वर्षांची संघनायिका म्हणाली, "आम्ही आमचं बोलून सांगतो." मुले बाजूला जाऊन बसली. आम्ही लांबून बघत होतो. वीस मिनिटांनी ती आली. त्यांनी ठरवले होते की महिन्याची सगळी कमाई भैयांना द्यायची आणि द्यायला सगळ्यांनी स्वतः जायचे. मोठ्यांनी यायचे नाही. आणि सहा घरांनी भैयांचा पूर्ण महिन्याचा पगार वेगळा द्यायचा, कारण 'नको' मोठ्यांनी सांगितले होते.

आम्हाला आमचीच चूक वेगळी काढून दाखवली! आम्ही निमूटपणे पैसे काढले.

मुले खाली गेली. भैया आधी घेईनात. मग मुलांनी सांगितले की हे बक्षीस नाही, तुमचेच आहेत, चुकून आमच्याकडे आले होते. तेव्हा घेतले. एका लहानग्याने विचारले, "आप रोज कितनी गाड़ी धोते हो?" त्यांनी आकडा सांगितला आणि पहाटे किती वाजता उठतात तेही सांगितले. चार शुक्रवार हात गार पडेपर्यंत फडके पिळलेल्या मुलांना तो आकडा बरोबर समजला. आम्ही कितीही भाषणे दिली असती तरी समजला नसता.

६. तिसऱ्या वेळी ठरवलेले नियम

यानंतर मुलांनीच नियम केले. आम्ही फक्त भाषा नीट केली. वाचकांच्या उपयोगी पडावेत म्हणून देतो.

१. स्वतःच्या कामाचे आणि सत्कर्माचे पैसे नाहीत.

२. ज्या कामावर दुसऱ्या कुणाचे पोट आहे ते काम घ्यायचे नाही. घरात मदतनीस ताई येत असतील तर त्यांचे काम कमी करून त्यांचा पगार कापायचा नाही.

३. कामाचा मोबदला आधी ठरवायचा. एक किंवा दोन रियाल, जास्त नाही. काम चांगले झाले नाही तर पुन्हा करायचे.

४. काम आपापल्या घरात आणि ओळखीच्या घरांतच, आईबाबांना सांगून. इथे अनोळखी दारावर जायचे नाही.

५. कुणाकडेही वर्गणी मागायची नाही. कतारमध्ये परवानगीशिवाय निधी गोळा करता येत नाही आणि धर्मादाय कामांवर देखरेखीसाठी २०१४ पासून स्वतंत्र यंत्रणा आहे. ज्या देशात राहतो त्याचे नियम पाळणे हाही स्काऊटचाच भाग.

६. प्रत्येकाने कार्ड ठेवायचे. काम, वेळ, रक्कम, सही.

७. पैशाचे काय करायचे हे मुले ठरवतील.

मग कामे कोणती निघाली? इस्त्री करणे, शर्टाची बटणे लावणे, माळ्यावरचे सामान उतरवून पुसून ठेवणे, गावी जायच्या बॅगा वजन करून भरणे, छोट्या भावंडांचे पाढे घेणे, भारतातून आलेल्या आजोबांना फोनवरचा व्हिडिओ कॉल शिकवणे. या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला, असे कार्डावर नोंदलेले आहे!

दोन महिन्यांनी गल्ला मोजला. एकशे बेचाळीस रियाल. पहिल्या वर्षीच्या आठशे साठपुढे काहीच नाही. पण त्यातल्या प्रत्येक रियालचा धनी कोण आणि तो कसा आला, हे कार्डावर होते. मुलांनी ठरवले की हे पैसे उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यायचे आणि संघातल्या एका मुलीच्या आजोळच्या जिल्हा परिषद शाळेला पृथ्वीचा गोल आणि गोष्टींची पुस्तके घ्यायची. घेतली. त्या शाळेतल्या मुलांनी गोलावर कतार शोधायला बराच वेळ लावला, कारण ते फारच बारीक दिसते. मग आमच्या मुलीने बोट ठेवून दाखवले.

७. हे आपल्या घरांना कशासाठी?

वाचकहो, आपण इथे आलो ते कमाईसाठीच. ते सांगायला संकोच कशाला? कुणी इंजिनियर म्हणून आले, कुणी नर्स म्हणून, कुणी वेल्डर म्हणून. पण आपल्यातल्या बऱ्याच घरांतल्या मुलांना कमाई दिसते ती महिन्याच्या शेवटी फोनवर येणाऱ्या मेसेजमध्ये. बाबा एसी गाडीत बसून जातात, एसी गाडीतून येतात. गावाकडे निदान शेतात राबणारा काका दिसत असे, पहाटे भाजीचा गाडा लावणारा शेजारी दिसत असे. इथेही कष्ट करणारे हजारो आहेत, आपले मराठी बांधवही त्यात आहेत. पण ते इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला आणि आपण इकडे. मुलांची त्यांच्याशी गाठ पडते ती सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या बसच्या काचेतून.

दुसरे असे की इथला मुक्काम कुणाचाच कायमचा नाही. कंपनीचे काम संपले की दोन महिन्यांत घर आवरायचे. आमच्या संघातून तीन वर्षांत पाच मुले गेली. जाताना मोठी खेळणी, सायकल, पलंग, सगळे इथेच राहते. मुलाबरोबर जाते ते त्याला काय करता येते तेवढेच. गाठ मारता येते, तारा ओळखता येतो, स्वतःचे काम स्वतः करता येते, आणि चूक झाली तर समोर जाऊन निस्तरता येते. अशी मुले कुठल्याही गावात, कुठल्याही शाळेत पंधरा दिवसांत रुळतात, हा आमचा अनुभव आहे.

आणि तिसरे, मदतीबद्दल. मुलाने बापाचे पैसे डब्यात टाकले तर त्याला 'आपण देणारे' असे वाटायला लागते. स्वतः बादली उचलून पाच रियाल मिळवले तर समोरचाही कमावणाराच आहे, हे त्याला उमगते. मग मदतीत उपकाराची भावना राहत नाही. धर्मादाय कामात हा फरक छोटा नाही.

८. घरासाठी गृहपाठ

लेख वाचून बाजूला ठेवू नका. येत्या शुक्रवारी मुलांना घेऊन एवढे करून बघा.

अ) आपल्या घरात आठवडाभरात कोणकोणती कामे होतात आणि ती कोण करते, याची यादी मुलांकडून करून घ्या. आईच्या नावापुढे किती कामे आली ते मोजा.

आ) त्यातली 'माझी स्वतःची' कामे कोणती, ते मुलांनी ठरवावे. उद्यापासून ती त्यांची.

इ) तीन कामे अशी शोधा की ज्यांचा मोबदला देता येईल, पण ज्याने कुणाचा रोजगार जाणार नाही. हे वाटते तितके सोपे नाही, त्यावर बोला.

ई) आपली इमारत झाडणारे, गाडी धुणारे, पाण्याच्या बाटल्या आणून देणारे, यांची नावे मुलांना माहीत आहेत का? नसतील तर विचारून यायला सांगा. आम्हाला स्वतःला चारपैकी एकच नाव माहीत होते.

उ) रात्री गच्चीवरून ध्रुवतारा शोधा आणि मुठीने मोजा. हे पैशाचे नाही, पण मजा येते.

शेवटी

या स्मरणिकेतून जमणारा निधी तुमच्या-आमच्या कमाईतला आहे. त्यामागे कुणाची तरी रात्रपाळी आहे, कुणाचा तरी ओव्हरटाइम आहे. मुलांना हे सांगा. आणि पुढच्या वर्षी देणगीच्या पाकिटात तुमच्या रकमेसोबत मुलाच्या खऱ्या कमाईचा एखादा रियाल असेल, तर कार्यकर्त्यांना तो वेगळा दाखवा. त्यांनाही आनंद होईल.

आमच्या इमारतीतले भैया आता मुलांना नावाने ओळखतात. शुक्रवारी सकाळी मुले खाली उतरली की ते हसून विचारतात, "आज कौन सा काम है?" मुले सांगतात. गाड्यांना मात्र कुणी हात लावत नाही.